अशिलाची खुर्ची

आमच्या भागात मला माझ्या नावाने कुणी ओळखत नाही. मी वकीलबाईंचा नवरा. उभा जन्म सुतारकामात गेला, इथली निम्मी दारं माझ्या हातची आहेत, पण त्या दारांमागचे लोकसुद्धा पत्ता सांगताना म्हणणार, वकीलबाईंच्या नवऱ्याचं दुकान. तरुणपणी याचा राग यायचा. मग सवय झाली. आता बायको जाऊन काही वर्षं झाली, आणि कुणी तसं म्हटलं नाही तर चुकल्यासारखं वाटतं.

तर या वकीलबाईंचं नाव शहरातल्या मोठ्या बागेला द्यायचं आणि मध्यभागी तिचा पुतळा बसवायचा असं महापालिकेने ठरवलं. मुलीचा फोन आला, आणि सांगता सांगता ती रडायलाच लागली. मी म्हटलं, बरं झालं, निदान आता बागेतले दिवे तरी दुरुस्त करतील. माझा स्वभावच तसा, आनंद झाला की तोंडातून वाकडंच निघतं. फोन ठेवला, धुतलेला शर्ट घातला आणि काही काम नसताना गल्लीच्या टोकापर्यंत जाऊन आलो, कुणीतरी विचारावं म्हणून. कुणी म्हणून विचारलं नाही. शेवटी न्हाव्याच्या दुकानात शिरलो, गरज नसताना दाढी करून घेतली आणि मीच सांगून टाकलं.

ही बाग तिच्याच नावाची हवी होती, यात शंका नाही. आज तिथे पोरं घसरगुंडीवर दंगा करतात, पण पूर्वी तिथे क्लब होता. जमीन शहराची आणि कुंपण क्लबचं, असा तो कारभार. फाटकावर पाटी होती, फक्त सभासदांसाठी. सभासद कुणाला करायचं ते सभासदच ठरवणार, म्हणजे नदीपलीकडच्या वस्तीतल्या माणसाला आत जायचं तर हातात झाडू नाहीतर डोक्यावर गाठोडं पाहिजे. त्या वस्तीतली एक इस्त्रीवाली क्लबचे कपडे पोचवायला जायची. एकदा कडक उन्हात गाठोडं रिकामं करून परत निघताना तिला चक्कर आली, म्हणून ती झाडाखालच्या बाकावर टेकली. रखवालदाराने दंडाला धरून उठवलं, तोवर साहेब लोक जमले, पोलीस आले, आणि बाकावर बसल्याबद्दल त्या बाईला संध्याकाळपर्यंत चौकीत उभं करून ठेवलं. दुसऱ्या दिवशी ती आमच्या दारात आली. पुढे तो खटला कितीतरी वर्षं चालला, एका कोर्टातून दुसऱ्यात गेला, आणि निकाल लागला तेव्हा शहराची जमीन शहराला परत मिळाली. कुंपण काढायचं काम मीच घेतलं होतं. धंद्याच्या दृष्टीने आतबट्ट्याचा व्यवहार होता, पण दुसऱ्या कुणाला मी ते करू दिलं नसतं.

आता खुर्चीचं सांगतो, कारण सगळं घोडं तिथेच अडलं.

बायकोला वकिलीची सनद मिळाली तेव्हा तिला काय द्यावं हा मला प्रश्न पडला. दागिन्यांची तिला हौस नव्हती आणि मला ऐपत नव्हती. एका पाडलेल्या इमारतीच्या जिन्याचं जुनं, मुरलेलं लाकूड माझ्याकडे पडलं होतं. त्याची मी खुर्ची केली. उंच पाठ, रुंद हात, बैठक वेताची, आणि सगळ्या खुर्चीत एकही खिळा नाही. विचार करताना बाईला अंगठा घासायची सवय, म्हणून उजव्या हाताच्या टोकाला अंगठा बसेल एवढा खळगा केला. ती बसली, दोन्ही हातांवरून हात फिरवला आणि म्हणाली, अहो, यात बसून कुणाला खोटं बोलता यायचं नाही. मी हवेत.

दुसऱ्या दिवशी पहिला अशील आला. बसस्थानकात गाड्या धुणारा माणूस होता, कामावरून काढून टाकलेला. टोपी हातात धरून भिंतीला चिकटून उभा राहिला. बायको उठली, त्याला माझ्या खुर्चीत बसवलं, स्वयंपाकघरातलं स्टूल ओढून आणलं आणि त्याच्यासमोर स्वतः त्यावर बसली. त्या दिवसापासून तोच नियम झाला. आधी अशील खुर्चीत बसायचा, मग ही स्टुलावर. कुणी बसायला तयार नसेल तर ही पण उभी राहायची, आणि म्हणायची, माझे गुडघे दुखतात हो, तुम्ही बसलात तर मला बसता येईल. तेव्हा तिचे गुडघे ठणठणीत होते.

मला किती राग आला असेल विचार करा. जीव ओतून केलेली खुर्ची, आणि तिच्यात गाव बसतंय. मी चार दिवस तिच्याशी अबोला धरला. कामाच्या घाईत तिच्या ते लक्षातसुद्धा आलं नाही, याचा मग वेगळा राग. शेवटी मीच तोंड उघडलं. ती शांतपणे म्हणाली, "कोर्टात ते उभे, कचेरीत उभे, चौकीत उभे. समोरचा कायम बसलेला. माणूस एकदा नीट बसला ना, की खरं काय झालं ते सांगायला लागतो. त्याच्याआधी नुसतं हो साहेब, नाही साहेब."

कधी संध्याकाळी चहाचा कप घेऊन मी मुद्दाम त्या खुर्चीत बसायचो. ती फायलीतून मान वर न काढता विचारायची, तक्रार काय? कुणाविरुद्ध? मी म्हणायचो, तुझ्याविरुद्ध. मग दुसरा वकील बघा, ती म्हणायची, आणि आता उठा, बाहेर लोक उभे आहेत. आणि खरंच बाहेर पायऱ्यांवर लोक उभे असायचे. त्या खुर्चीत माझा एक कप चहा कधी पुरा झाला नाही.

त्या पहिल्या दिवसानंतर ती स्वतः त्यात एकदाच बसली. बागेचा निकाल लागला तेव्हा वर्तमानपत्राचा फोटोवाला आला आणि म्हणाला, बाई, स्टुलावर नको, खुर्चीत बसा, भारदस्त दिसतं. ती वैतागून बसली. फोटो मात्र असा आला की काय सांगू. मान ताठ, अंगठा बरोबर खळग्यात. तिला तो बिलकुल आवडला नाही. मी त्याला चौकट केली आणि दिवाणखान्यात लावला. घरात तिचं चालायचं, पण भिंत माझी होती.

महापालिकेने पुतळ्यासाठी समिती नेमली होती, मुलीने तिला हाच फोटो दिला. पुतळा करणारी शिल्पकार आमच्या घरी आली, मुलीच्याच वयाची, नखांत माती अडकलेली. काका काका करत तिने खुर्चीची मापं घेतली, उलटी करून खालचे सांधे पाहिले, वेताचा एकेक पेड टिपून घेतला. खुर्ची उलटी करून बघणारं माणूस मला आवडतं. महिन्याभराने तिने मातीचा पुतळा बघायला बोलावलं. मुलगी आणि मी गेलो. समितीचे अध्यक्ष आधीच येऊन बसले होते. हे निवृत्त न्यायाधीश. त्यांच्यासमोर बायकोने बऱ्याच केसेस लढवल्या होत्या, काही जिंकल्या, काही हरल्या, आणि हरलेल्या दिवशी त्यांच्याविषयी ती घरी जे बोलायची ते इथे सांगण्यासारखं नाही.

ओलं फडकं बाजूला झालं. तीच होती. मान ताठ, ओठ मिटलेले, आणि माझ्या खुर्चीत बसलेली. उंच पाठ, रुंद हात, अंगठ्याचा खळगा, सगळं जिथल्या तिथे. ब्राँझमध्ये ओतलं की ते माझ्यानंतर, माझ्या मुलीनंतर, कुणास ठाऊक किती काळ राहणार होतं. तिच्या शेजारी एक अशील उभा केला होता, टोपी हातात, मान खाली. तो मला दिसला, पण मी त्याच्याकडे बघितलं नाही. अध्यक्ष म्हणाले, अगदी शोभेसं झालं आहे. मुलीने माझा हात धरला. मी म्हटलं, छान आहे. घरी येईपर्यंत माझे पाय जमिनीवर नव्हते.

दोन दिवसांनी इस्त्रीवाली दुकानात आली. आता तिचा मुलगा लॉन्ड्री चालवतो, पण माझे शर्ट ती अजून स्वतः घेऊन येते, कॉलर मुलाला जमत नाही म्हणते. मी तिला रंधा मारत मारत सगळं रंगवून सांगितलं. पुतळा एवढा उंच, तोंड हुबेहूब, आणि खुर्ची तर, म्हटलं, बघशील तर बोट लावून खात्री करशील. तिने विचारलं, ताई खुर्चीत बसल्यात? म्हटलं, हो तर. आणि आमच्यातलं कुणी आहे का तिथे? म्हटलं, आहे ना, एक अशील आहे, शेजारी उभा.

ती काही वेळ शर्टाची घडी नीट करत राहिली. मग म्हणाली, "दादा, त्या खुर्चीत मी बसलेय. मला बसवून कुणी माझ्यापेक्षा खाली बसलं, असं जन्मात तेवढ्या एकाच दारात झालं. आता ताई गेल्या, आणि तुम्ही आम्हाला परत उभं केलंत होय?"

मी चहा ठेवतो म्हटलं, पण ती थांबली नाही.

ती गेल्यावर मला तिचाच राग आला. हिला काय कळतंय, पुतळा असाच असतो, मोठं माणूस मोठ्या जागी. रंधा जोरात चालवला आणि चांगली फळी वाया घालवली. मग खाली बसलो. खरं सांगायचं तर मला तो पुतळा तसाच हवा होता. तिने जन्मभर माझी खुर्ची परक्यांना दिली, निदान मेल्यावर तरी तिने तिच्यात बसावं, एवढाच माझा हट्ट होता. आणि तो हट्ट पुरा व्हायला तिने आयुष्यभर जो नियम पाळला तो मोडावा लागत होता. त्या बागेतल्या बाकावरून एका बाईला उठवलं म्हणून ती लढली, आणि आता त्याच बागेत आम्ही तिच्याच शेजारी एक माणूस कायमचा उभा करणार होतो. लोक येणार, बघणार आणि म्हणणार, होत्या कुणीतरी मोठ्या बाई, गरिबांना दारात उभं करायच्या.

मुलीला फोन केला. ती भडकलीच. बाबा, परवा ओतकामाला जायचंय, तुम्ही स्वतः छान म्हणालात, आणि तुम्हालाच ना आई खुर्चीत हवी होती? म्हटलं, हवी होती. अजूनही हवी आहे. पण तुझी आई बसली असती का ते सांग. मग ती म्हणाली, मी गाडी घेऊन येते, स्टूल बरोबर घ्या.

तर आम्ही स्वयंपाकघरातलं स्टूल घेऊन शिल्पकाराच्या कारखान्यात हजर झालो. अध्यक्षांनाही मुलीने बोलावून घेतलं. मी जमेल तसं सांगितलं, म्हणजे निम्मं सांगितलं आणि निम्मं भांडलो. शिल्पकार मुलगी कमरेवर हात ठेवून ऐकत होती. अध्यक्षांचं म्हणणं, पुतळ्याला काही रुबाब लागतो. स्टुलावर बसलेल्या वकिलाचा पुतळा मी आजवर कुठे पाहिला नाही, ते म्हणाले.

माझं डोकं फिरलं. म्हटलं, "तशी वकील तरी कुठे पाहिलीत?"

मुलीने डोळे मिटून घेतले. मला वाटलं, संपलं, आता हे उठून जाणार. पण अध्यक्ष गेले नाहीत. चष्मा काढून पुसत बसले. मग त्यांनी सांगितलं की बाई प्रत्येक केसमध्ये साक्षीदारासाठी खुर्ची मागायच्या. म्हातारा असो, तरुण असो, प्रत्येक वेळी तोच अर्ज, आणि अध्यक्षांना त्याचा वैताग यायचा. शेवटी कंटाळून त्यांनी साक्षीदाराच्या पिंजऱ्यात कायमची खुर्ची ठेवायला लावली होती. ती अजून तिथेच आहे, ते म्हणाले. हे मला आजपर्यंत माहीत नव्हतं, आणि तिनेही कधी सांगितलं नव्हतं. मग ते शिल्पकाराला म्हणाले, वेळ वाढवून द्यायचं मी बघतो, तुम्ही बदल करा.

पण एक अडचण होती. स्टुलावर बसलेला तिचा एकही फोटो नव्हता. शिल्पकार म्हणाली, काका, त्या कशा बसायच्या ते मला दाखवा. म्हटलं, मी काय दाखवू, मी सुतार आहे, नट नाही. पण स्टुलावर बसलो. डावा पाय खालच्या आडव्या पट्टीवर ठेवला. फाइल गुडघ्यावर. पाठ ताठ नाही, जरा पुढे वाकलेली, समोरच्याचं हळू बोलणंही ऐकू यावं म्हणून. मान किंचित डावीकडे वळलेली, कारण डाव्या कानाने तिला कमी ऐकू यायचं आणि ते ती कोर्टाला कळू देत नव्हती. पेन बोटांत उलटं धरलेलं, कारण अशील बोलत असताना ती लिहायची नाही. आणि उजव्या हाताचा अंगठा पहिल्या बोटावर घासत. मला वाटलं नव्हतं हे सगळं माझ्या अंगात असेल. इतकी वर्षं दारातून येता-जाता बघितलेलं होतं. मुलगी समोर बघत होती, आणि एकदम तोंडावर हात ठेवून हसायला लागली, आणि हसता हसता तिचे डोळे भरून आले. म्हणाली, बाबा, हलू नका, तशीच आहे.

शिल्पकार कितीतरी वेळ कागदावर रेघा ओढत होती. माझी पाठ भरून आली, पण मी हललो नाही. शेवटी तिने विचारलं, मग खुर्चीत कोणाला बसवायचं? म्हटलं, कुणालाच नको, बाग आहे, माणसं येतीलच.

उद्घाटनाच्या दिवशी बाग तुडुंब भरली होती. नदीपलीकडची सगळी वस्ती आली होती, आणि जुन्या क्लबच्या सभासदांची नातवंडंही त्याच गर्दीत खेळत होती. भाषणं लांबली, ती लांबणारच. पडदा ओढला, आणि मागचे लोक टाचा उंचावून बघायला लागले. ती स्टुलावर, पुढे वाकलेली, मान जरा डावीकडे. समोर माझी खुर्ची. खुर्चीच्या पाठीवर तिचं नाव कोरलेलं नव्हतं, नावाची पाटी होती ती पुतळ्यामागच्या बुटक्या भिंतीवर. मग टाळ्या सुरू झाल्या, त्या थांबेनात. मी पहिल्या रांगेत बसलो होतो. शेजारच्या कुणीतरी विचारलं, तुम्ही कोण? मी म्हटलं, वकीलबाईंचा नवरा. इतक्या अभिमानाने मी आयुष्यात कधी काही बोललो नसेन.

खुर्चीजवळ मात्र कुणी जाईना. सगळ्यांना वाटलं, पुतळ्याला हात लावायचा नसतो. एक पोरगा जाऊ लागला तर त्याच्या आईने त्याला मागे ओढलं. मी इस्त्रीवालीला शोधत होतो. ती मागे झाडाखाली उभी होती. मी गेलो आणि म्हटलं, ताईंचे गुडघे दुखतायत, तू बसलीस तर बरं होईल.

ती आली. भल्यामोठ्या गर्दीतून, सगळ्यांच्या देखत, हळूहळू चालत आली आणि बसली. दोन्ही हात खुर्चीच्या हातांवर ठेवले आणि समोर तोंडाकडे बघत राहिली. तिला उठवायला कुणी आलं नाही. मुलगी माझ्या खांद्यावर डोकं ठेवून रडली, आणि मी पण रडलो, लपवण्यासारखं त्यात काय आहे.

त्यानंतर रांगच लागली. पोरं बसली, म्हातारे बसले, अध्यक्ष बसले. फोटो काढून घेतले. पाहुणे गेले, मंडपवाले खुर्च्या गोळा करायला लागले, आणि ऊन उतरता उतरता पुतळ्यापाशी कुणी उरलं नाही. मुलगी गाडी आणायला गेली होती. मी गेलो आणि बसलो.

चांगली खुर्ची होती. धातूची असली तरी पाठ बरोबर टेकत होती. अंगठा खळग्यात गेला. समोर ती, वाकून ऐकायच्या तयारीत. इतकी वर्षं मला वाटायचं की मला ती इथे बसलेली बघायची आहे. तिच्यासमोर या जागी बसल्यावर कळलं की लोक तिला सगळं खरं का सांगायचे.

मी म्हटलं, "तक्रार आहे. तुझ्याविरुद्धच आहे. मला न विचारता आधी गेलीस."

अजून पुष्कळ बोलायचं होतं. तेवढ्यात मागे कुणीतरी हळूच खाकरलं. वळून पाहिलं तर एक अनोळखी बाई होती, कडेवर मूल, पायात धुळीने भरलेल्या चपला. लांबून चालत आलेली दिसत होती. मागे अजून दोघंतिघं. ती संकोचून म्हणाली, तुमचं होऊ द्या बाबा, आम्ही थांबतो.

मी उठलो. लोक उभे होते.